कायाक निवडताना: डुगडुगणं वेगळं, कलंडणं वेगळं



पहाडगंजात राहणाऱ्या माणसानं होडीवर बोलावं, यात थोडी गंमत आहे हे मला मान्य आहे. आमच्या गल्लीत दोन सायकलरिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. मेन बाजारातून हातगाडी, पाठीवर पोतं लावलेले परदेशी पाहुणे, स्टेशनकडे पळणारी माणसं आणि एखादी निवांत गाय हे सगळं एकाच वेळी जात असतं. यमुना जवळ आहे, पण वजिराबाद ते ओखला या साधारण २२ किलोमीटरच्या पट्ट्यात तिची जी अवस्था आहे, ती पाहून तिथं गळ टाकायची इच्छा होत नाही. तरीही या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्याकडे एक कायाक आहे. ती कशी आहे आणि कशी नसायला हवी होती, ते पुढं येईलच.

आजचा विषय निघाला तो एका काकांमुळे. हे काका मूळचे विट्याकडचे. करोलबागेत गलाईच्या कामात त्यांची पस्तीस वर्षं गेली. सोनं-चांदी गाळायचं हे काम करणारी सांगली जिल्ह्यातली, विटा-आटपाडी भागातली माणसं देशातल्या जवळजवळ प्रत्येक सराफ बाजारात सापडतात, तशी ती करोलबागेतही आहेत. काकांची सगळी उमर भट्टीसमोर जमिनीवर बसण्यात गेली, त्यामुळे गुडघे बोलू लागलेत. आता त्यांनी काम मुलाकडे सोपवलंय. धाकटी बहीण भिगवणला असते, उजनीच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथं वर्षातले तीन-चार महिने राहायचं आणि गळ टाकून बसायचं, असा त्यांचा बेत आहे. बृहन्महाराष्ट्र भवनात एका कार्यक्रमाला भेटले तेव्हा म्हणाले, "तू ते कायाक-बियाक करतोस ना? मला एक सांग. बसायला आरामाची पाहिजे आणि उलटायला नको. बस्स."

एवढीच मागणी. पण ही मागणी ऐकायला जितकी सोपी, तितकी पुरी करायला सोपी नाही. कारण कायाकमध्ये आराम आणि स्थैर्य या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या विरोधात जातात, आणि दुकानदार तुम्हाला ते सांगत नाही. शिवाय 'उलटायला नको' या दोन शब्दांत दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. तिथूनच सुरुवात करू.

होडीत पाय ठेवल्या ठेवल्या ती डावी-उजवीकडे हलते. आपल्या पोटात गोळा येतो. याला मी डुगडुगणं म्हणतो. दुसरी गोष्ट म्हणजे होडी एका बाजूला बरीच झुकल्यावर तिथं थांबते, का तशीच पुढं जाऊन पालथी होते. हे कलंडणं. काही होड्या सुरुवातीला अगदी ओट्यासारख्या घट्ट वाटतात, पण एका मर्यादेपलीकडे झुकल्या की काही न सांगता पालथ्या पडतात. काही होड्या सतत डुगडुगतात, पण खूप झुकल्या तरी कडेवर टेकल्यासारख्या थांबतात आणि परत सरळ होतात. सपाट तळाची होडी साधारण पहिल्या जातीची, गोलसर किंवा किंचित इंग्रजी व्ही आकाराच्या तळाची आणि बाहेर झुकलेल्या बाजूंची होडी दुसऱ्या जातीची. नवखा माणूस पाण्यावर दहा मिनिटं बसून निर्णय घेतो, म्हणजे तो फक्त डुगडुग तपासतो. कलंडणं तपासायला होडी मुद्दाम उलटवावी लागते, आणि ते कुणी करत नाही. मी तर नाहीच केलं.

आता थोडं आकडेवारीत जाऊ. घाबरू नका, शाळेत नववीपर्यंत शिकलेल्यापेक्षा जास्त काही नाही. होडी पाण्यावर असते तेव्हा दोन जोर चालू असतात. तुमचं आणि होडीचं एकत्र वजन एका बिंदूतून खाली ओढतं, आणि पाणी दुसऱ्या बिंदूतून वर ढकलतं. होडी झुकली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे वर ढकलणारा बिंदू झुकलेल्या बाजूला सरकतो आणि होडीला परत उभी करायला बघतो. तो किती सरकतो यावरून एक उंची काढता येते. तिला जहाजबांधणीत मेटासेंटर म्हणतात. पिएर बूगेर या फ्रेंच गणितज्ञानं १७४६ साली छापलेल्या जहाजांवरच्या ग्रंथात ही कल्पना मांडली. तुमचा वजनाचा बिंदू या उंचीच्या खाली असेल तर होडी सरळ होते, वर गेला की होडी तुम्हाला पाण्यात टाकते.

या उंचीवर सगळ्यात जास्त परिणाम रुंदीचा होतो. तोही साधा नाही, घनाच्या हिशेबानं. रुंदी ३० इंचांवरून ३६ इंच केली, म्हणजे फक्त सव्वापट सुद्धा नाही, एक पूर्णांक दोन दशांश पट, तर तळाच्या आकारातून मिळणारा आधार १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे १.७३ पट होतो. सहा इंचांत पाऊणपटीच्या जवळ वाढ. म्हणून जाहिरातीत लांबीचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि रुंदीचा बारीक अक्षरांत असला तर तो बारीक आकडा आधी वाचा.

काकांसाठी मी वहीत ढोबळ हिशेब केला. माणूस ८५ किलो, होडी ३५ किलो, सामान १० किलो, असे १३० किलो. पाण्यावरची लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास. रुंदी ३० इंच. अशा होडीत मेटासेंटर तळापासून साधारण ५५ सेंटिमीटरवर येतो. खालच्या आसनावर बसलं तर एकूण वजनाचा बिंदू ३० सेंटिमीटरच्या आसपास राहतो. म्हणजे २५ सेंटिमीटरची सोय. आता तेच आसन २० सेंटिमीटर उंच करा, खुर्चीसारखं. माणसाचा भार एकूण भारापैकी जवळजवळ दोन तृतीयांश असतो, म्हणून एकूण बिंदू १३ सेंटिमीटर वर जातो. सोय अर्धी झाली. होडी तीच, पाणी तेच, माणूस तोच. आणि उभं राहिलं तर बिंदू ७० सेंटिमीटरच्या पुढं जातो, म्हणजे ३० इंची होडीत तो मेटासेंटरच्या वरच गेला. असा माणूस होडीच्या जोरावर उभा नसतो, सायकलवर तोल सांभाळावा तसा घोट्यांच्या जोरावर उभा असतो. रुंदी ३६ इंच केली की मेटासेंटर ९० च्या घरात जातो आणि उभं राहिल्यावरही वीसएक सेंटिमीटर हातात उरतात. 'आमच्या कायाकमध्ये उभं राहून गळ टाका' असं कुणी म्हणालं की त्याला रुंदी विचारायची ती यासाठी.

हा हिशेब तुमच्या वजनाप्रमाणे बदलेल, होडीच्या तळाप्रमाणे बदलेल. पण दिशा बदलणार नाही.

काकांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं कशाला? आमच्या आजोबांच्या वेळी दोन वाळके भोपळे बांधून नदी पार करायचे. त्याला सांगड म्हणायचे." मी हसलो, पण काका बरोबर बोलत होते. 'सांगड घालणे' हा शब्द आपण सभांमध्ये वापरून वापरून गुळगुळीत केलाय. तो तिथून आलाय. एक भोपळा पाण्यात गोल फिरतो, दोन एकमेकांपासून जरा लांब बांधले की फिरत नाहीत. कोकणातल्या होडीची उलांडी बघा. होडी अरुंद, चपळ, आणि तिच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला लाकडी ओंडका. अरुंद होडीचा वेगही राहतो आणि रुंद होडीचं स्थैर्यही मिळतं. आजच्या मासेमारीच्या कायाकमध्ये तळाच्या दोन बाजूंना दोन फुगवटे आणि मधे खोलगट जागा असते, तेच तत्त्व आहे. कॅटॅमरान तळ असं काहीतरी त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असेल. सांगडच आहे ती, प्लॅस्टिकची.

मूळ कायाक मात्र अशी नव्हती, हे सांगायला हवं. आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांची कायाक अतिशय अरुंद असायची, लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बनवलेली, आणि ज्याची त्याच्या अंगाच्या मापानं. ती चप्पल घालावी तशी अंगात घालायची गोष्ट होती. ती डुगडुगायची, पण शिकारी कंबरेच्या हलक्या झटक्यानं तिला सावरायचा, उलटली तर आतल्या आत वल्ह्यानं परत सरळ करायचा. हे कौशल्य आयुष्यभराचं. आपल्याला रविवारी दोन तास गळ टाकायचा आहे. आपल्यासाठी सोय झाली ती १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या टिम नीमियर यांनी वर बसायच्या प्लॅस्टिकच्या कायाक बनवायला घेतल्या तेव्हा. आत पाय घालून बसायच्या जागी बंद डब्यासारखा पोकळ देह, त्याच्यावर बसायची जागा, आणि आरपार भोकं. पाणी वर आलं की भोकांतून खाली जातं. उलटली तर तुम्ही आत अडकत नाही, आणि होडी पाण्यानं भरत नाही. मासेमारीसाठी, नवख्यासाठी आणि पन्नाशी ओलांडलेल्यासाठी मी हीच जात सुचवतो. आत बसायची कायाक थंडीत उबदार असते, वाऱ्यात बरी असते, हे खरं. पण उलटली की तिच्यात शे-दोनशे लिटर पाणी भरतं आणि खोल पाण्यात एकट्याला ते उपसता येत नाही.

आता माझी गोष्ट.

माझी पहिली कायाक मी फोटो बघून घेतली. अठ्ठावीस इंच रुंद, देखणी, निळी. विकणाऱ्यानं सांगितलं 'एकदम स्टेबल', आणि मी 'कुणासाठी?' असं विचारलं नाही. दिल्लीपासून चार-साडेचार तासांवरच्या एका जलाशयात नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघे गेलो. मित्र काठावर, मी पाण्यात. खालच्या आसनावर कंबर दुखते म्हणून मी बुडाखाली दुमडलेली गादी घातली होती. म्हणजे वर केलेला हिशेब मी स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध फिरवला होता. तासाभरानं बरा मासा लागला. लोकांना वाटतं मासा होडी उलटवतो. दोन-तीन किलोचा मासा काय उलटवणार? मासा जवळ आला, हातजाळी मागच्या क्रेटमध्ये होती, आणि मी उजव्या हातात काठी तशीच धरून डाव्या खांद्यावरून मागं वळलो. बस्स. डोकं आणि खांदे होडीच्या कडेबाहेर गेले. होडीनं एकदाही डुगडुग केली नाही. ती सरळ गेली.

पाणी थंड होतं. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात माणसाचा श्वास त्याच्या ताब्यात राहत नाही. तोंडानं हापकल्यासारखा आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढलं जातं. मला पोहता येतं. तलावात लहानपणापासून पोहतोय. पण त्या मिनिटात पोहणं आठवलं नाही. लाइफ जॅकेट होतं, पण ते मागच्या दोरीखाली अडकवलेलं, कारण ते पाठीला टोचत होतं. उलट्या होडीला धरून मी दोनदा वर चढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा घसरलो. मित्रानं एका स्थानिक कोळ्याला हाक मारली, तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातातली फळी मारत आला आणि मला काठाला घेऊन गेला. त्याचा तराफा चार फूट रुंद होता. तो माझ्याकडे बघून हसला नाही, एवढे उपकार.

त्यानंतर मी बऱ्याच गोष्टी बदलल्या, पण पहिली गोष्ट समजली ती ही: मी उलटलो ते होडी अरुंद होती म्हणून जितकं, तितकंच ती आरामाची नव्हती म्हणून. कंबर दुखली म्हणून गादी आली. जॅकेट टोचलं म्हणून ते काढलं. सामान हाताशी नव्हतं म्हणून मी वळलो. आराम ही चैन नाही. जी गोष्ट तासाभरात त्रास देते, ती दुसऱ्या तासाला तुम्ही चुकीच्या पद्धतीनं दुरुस्त करता.

तेव्हा आसनाबद्दल सविस्तर बोलू. प्लॅस्टिकमध्येच साचा काढून केलेल्या बसक्या जागेवर पाणी साचतं आणि पाठीला आधार म्हणून एक पट्टा असतो, जो वीस मिनिटांत खाली सरकतो. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर जाळीचं कापड ताणलेलं, घडीच्या खुर्चीसारखं आसन घ्या. त्यात बूड कोरडं राहतं, वारा लागतो. बऱ्याच अशा आसनांना दोन उंची असतात, खालची आणि वरची. गुडघे दुखणाऱ्याला वरची उंची हवीच, कारण खालच्या आसनावर गुडघे छातीपाशी येतात आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर. पण वरच्या उंचीची किंमत आपण मघाशी पाहिली. म्हणून काकांच्या बाबतीत क्रम असा लागतो: आधी आसनाची उंची ठरवा, ती गुडघे ठरवतील, मग त्या उंचीला पुरेल एवढी रुंदी शोधा. बहुतेक लोक उलटं करतात. होडी आधी घेतात आणि मग आसन उंच करत बसतात.

पायाची पट्टी मागेपुढे सरकणारी हवी. टाच टेकली आणि गुडघा थोडा वाकलेला राहिला की कंबरेवरचा ताण कमी होतो. आणि दुकानात गेलात तर होडी जमिनीवर ठेवून तिच्यात अर्धा-पाऊण तास बसा. दुकानदार चहा देईल किंवा रागावेल, दोन्ही सोसा. जमिनीवर स्थैर्य कळत नाही, पण पाठ, मांड्या आणि टाचा खरं बोलतात. बसल्या बसल्या हात मागं न नेता काय काय घेता येतं ते बघा. गळाच्या काठ्या ठेवायच्या नळ्या आसनाच्या पुढं किंवा बाजूला हव्यात, पाठीमागं फक्त नेण्यापुरत्या. हातजाळी पायाशी. नाक होडीच्या मध्यरेषेवर राहिलं की माणूस सहसा पडत नाही. मागं, कडेला, खाली वाकून जिथं नाक बाहेर जाईल तिथं सामान ठेवूच नका.

जॅकेट आसनाला जुळणारं घ्या. उंच पाठीच्या आसनावर साधं पर्यटकी नारिंगी जॅकेट पाठीत घुसतं. मासेमारीसाठी वेगळी जॅकेट मिळतात, ज्यांत पाठीच्या खालच्या भागात फक्त जाळी असते आणि तरंगणारा फोम वर खांद्याच्या मागं. ५० न्यूटनचं तरंगबळ पोहणाऱ्यासाठी, काठाजवळच्या शांत पाण्यात पुरतं. न पोहणाऱ्यानं १०० न्यूटनचं घ्यावं, जाड झालं तरी. मापाचं घ्यावं, आणि पट्टे बांधल्यावर खांद्याला धरून कुणाला तरी वर ओढायला सांगावं. कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही.

वजनाची मर्यादा हा आकडा लोक चुकीचा वाचतात. '१५० किलो क्षमता' याचा अर्थ बहुधा एवढ्या वजनाला ती बुडत नाही, इतकाच. चांगली चालेल, बसण्याची जागा कोरडी राहील असा नाही. क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच भरावी, असा माझा नेम आहे. काका ९२ किलो, सामान, पाणी, डबा, जॅकेट मिळून १२ किलो. १०४ भागिले ०.७, म्हणजे जवळजवळ १५०. त्यापेक्षा कमी क्षमतेची होडी यादीतूनच काढली. जास्त भरली की भोकांतून पाणी खालून वर येतं, तुम्ही त्या पाण्यात बसता, आणि तेच पाणी डावी-उजवीकडे वाहत होडीला आणखी झुकवतं.

मग जेवढी रुंद तेवढी चांगली का? नाही. आणि हा मुद्दा उजनीसारख्या ठिकाणी फार महत्त्वाचा आहे. रुंद होडी जड असते, पाणी कापत नाही, ढकलते. ३६ इंची होडीत वल्हं मारताना हात कडेला आपटतात, म्हणून वल्हं लांब घ्यावं लागतं. वारा समोरून सुटला की ती जवळजवळ जागीच उभी राहते. भिगवणच्या बाजूचं पाणी सकाळी आरशासारखं असतं, पण उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचा वारा कधी येईल सांगता येत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट याच जलाशयात वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती कायाकपेक्षा कितीतरी मोठी बोट होती. काकांना मी म्हटलं, "तुमची होडी कितीही रुंद असू द्या, एप्रिल-मेमध्ये अकराच्या आत काठावर. आणि काठापासून पोहून येता येईल त्याच्या पलीकडे जायचं नाही." ते म्हणाले, "मासे पलीकडेच असतात रे." असतात. तरी नाही.

शिवाय रुंद होडी पालथी झाली की पालथीच स्थिर राहते. घन फक्त सरळ बाजूला लागू होतो असं थोडंच आहे! ३६ इंची, ४० किलोची होडी पाण्यात पोहत परत सरळ करणं जोराचं काम आहे. उलट्या तळावरून पलीकडची कड किंवा तिला बांधलेली दोरी पकडायची, गुडघे तळावर टेकवून अंग मागं टाकायचं, मग ती फिरते. नंतर वर चढताना आधी पोट आडवं टाकायचं, मग फिरून बूड आसनात, शेवटी पाय. हे उथळ, कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा करून बघितल्याशिवाय एकट्यानं खोल पाण्यात जाऊ नये. ज्याला सराव करूनही चढता येत नाही, त्यानं ती होडी घेऊ नये. कमी रुंदीची, कमी वजनाची, खालच्या आसनाची घ्यावी, नाहीतर सोबत दुसरी होडी ठेवावी. काकांना ३४ इंचांवर थांबवलं ते एवढ्यासाठीच.

पायडलवाल्या कायाकबद्दल थोडक्यात. होबी कंपनीनं १९९७ मध्ये पायानं चालवायची मिराजड्राइव्ह आणली, तेव्हापासून हात गळासाठी मोकळे राहू लागले. छान गोष्ट आहे. पण महाग, जड, उथळ पाण्यातल्या गवतात अडकणारी, आणि गुडघेदुखीवाल्याला दोन तास पायडल मारणं कितपत सोसेल ते त्यानं आधी घरच्या व्यायामाच्या सायकलवर बघावं.

फुगवायची कायाक हा पहाडगंजाचा खरा प्रश्न. अकरा फुटी प्लॅस्टिकची होडी आमच्या जिन्याच्या वळणावर वळत नाही. मी मापून पाहिलंय, आणि त्या मोजमापात खालच्या मजल्यावरच्या आजींच्या तुळशीची कुंडी फुटलीय. म्हणून आता माझ्याकडे फुगवायची आहे. तिच्यात दोन जाती असतात. साध्या हवेच्या नळ्यांची, तीन पीएसआयपर्यंतच्या दाबाची. ती मधे वाकते, तुमच्या बुडाखाली खड्डा होतो. दुसरी ड्रॉप-स्टिच तळाची: वरचा आणि खालचा थर आत हजारो धाग्यांनी जोडलेला, त्यामुळे आठ-दहा पीएसआय भरली तरी फुग्यासारखी गोल होत नाही, फळीसारखी सपाट राहते. घ्यायची तर हीच. रुंद असते, हलकी असते, उलटली तर सरळ करायला सोपी. पण हलकी म्हणून वारा तिला पतंगासारखी नेतो. आणि दिल्लीच्या जूनमध्ये भरलेली होडी उन्हात सोडून जेवायला गेलात तर विचार करा: २५ अंशांना ८ पीएसआय भरलेली हवा ५५ अंशांना १० च्या पुढं जाते. शिवणीला ते आवडत नाही. आणि चिलापीच्या पाठीवरचे काटे तिला टोचू शकतात. चिलापी उजनीत भरपूर. मासा मांडीवर घ्यायचा, होडीवर नाही. किंवा खाली जाड रबरी चटई घालायची.

नांगर बांधायचा तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला, मधे कडेला कधीच नाही. वाहत्या पाण्यात कडेचा नांगर होडीला आडवी करतो, पाणी तिच्या कडेवर चढतं आणि तिला खाली दाबतं. वाहत्या नदीत मी तर नांगर टाकतच नाही. वल्हं दोरीनं होडीला बांधलेलं हवं. दोरी कापायला छोटी सुरी जॅकेटला अडकवलेली हवी. शिट्टी हवी.

परवानगीचं सांगतो, कारण यात लोक फसतात. पाणी दिसलं म्हणून उतरता येत नाही. मासेमारीचे नियम राज्यागणिक वेगळे. धरणांतल्या मासेमारीचा हक्क बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, त्यांच्याशी बोलल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणं. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात विषयच नाही. ओखल्याचं पाणी दिल्लीकराला जवळ आहे, पण ते पक्षी अभयारण्य आहे. महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तुमची कायाक यांत्रिक नाही हे खरं, पण त्या दिवसांतला समुद्र बघून कोळी स्वतः होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघत बसतो, तिथं आपण कोण?

शेवटी काकांनी काय घेतलं ते सांगतो. ३४ इंच रुंद, साडेदहा फूट लांब, दोन फुगवट्यांच्या तळाची, वर बसायची कायाक. आसन दोन उंचीचं, क्षमता १६० किलो. घेण्याआधी आम्ही ती एका ओळखीच्या माणसाच्या शेततळ्यात उलटवून पाहिली. काका पाच वेळा पडले. तिसऱ्या वेळी आसनात परत चढले, पाचव्या वेळी फार हापापले नाहीत. वरच्या आसनावर बसून मागं वळून बघा म्हटलं तर म्हणाले, "मागं काय आहे बघायला?" आणि वळले नाहीत. पहाडगंजात आणायचा प्रश्नच आला नाही. होडी थेट भिगवणला गेली, बहिणीच्या गोठ्यात, म्हशीच्या शेजारी, तळ वर करून, सावलीत. फक्त जॅकेट दिल्लीला आलंय. ते काका रोज संध्याकाळी घरात अर्धा तास घालून टीव्ही बघतात, सवय व्हावी म्हणून. काकू म्हणतात, यांना आता भट्टीसमोर बसवलं तरी हे बुडायचे नाहीत.